कोबा होता तोवर

चिखलीत आम्ही गुंठाभर जागेत घर बांधलं. भाड्याची खोली सोडायची वेळ आली तरी टाइल्स बसल्या नव्हत्या, नुसता सिमेंटचा कोबा होता. "कोबा खरबरीतच ठेवायचा, म्हणजे वर टाइल्स धरतात," असं मिस्त्री म्हणाला होता, म्हणून तो तसाच टोचरा. बुद्धवंदना घेतली, सामान कोपऱ्यात रचलं आणि राहायला आलो. घर कमी, गोदाम जास्त.

आई, बायको, मी, सगळ्यांची चिडचिड चालली होती. खुशीत होते ते एकटे बाबा. कंपनीतून रिटायर झाल्यावर साखरेनं त्यांचे डोळे गेले. जुन्या खोलीत चार पावलांवर भिंत लागायची, त्यामुळे भागायचं. इथला हॉल मोठा, तरी आठवडाभरात काठी न घेता घरभर फिरायला लागले. मला कोडंच पडलं. विचारलं तर म्हणाले, "पायाला कळतंय की. इथं खडी वर आलीय, तिथं थापी गुळगुळीत फिरलीय. मोरीपाशी गड्यानं काम अर्धं सोडलं असंल, तिथं उंचवटा लागतो." मी अनवाणी फिरून बघितलं. मला सगळा कोबा सारखाच टोचला.

मग टाइल्स घ्यायला गेलो. दुकानदारानं पांढऱ्याचे इतके प्रकार दाखवले की शेवटी पांढरा म्हणजे नक्की कोणता, तेच मला कळेना. बायकोनं चकचकीत टाइल पसंत केली, घरभर एकच, सांधासुद्धा जाणवणार नाही अशी. मीही मान डोलावली. मिस्त्रीनं एकेक खोली रिकामी करून टाइल्स बसवल्या.

काम संपलं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी सेकंड शिफ्टला निघालो होतो. बाबा हॉलच्या मधोमध उभे, हात पुढे केलेले.

"मी कुठं आलोय?" त्यांनी विचारलं.

"घरातच आहात बाबा."

"ते कळतंय रे. घरात कुठं?"

मला सांगता येईना. डावीकडं मोरी म्हणावं, तर तेवढ्यात ते वळलेले. शेवटी हात धरून खाटेवर बसवलं. त्यानंतर ते खाटेवरच बसू लागले. बघायला येणारा प्रत्येक जण टाइल्सचं कौतुक करायचा आणि मी हसून "हो ना" म्हणायचो. घर चांगलं झालंय की बिघडलंय, माझं मलाच समजत नव्हतं.

बायकोच म्हणाली, "एक ओळ उखडू आणि खडबडीत काहीतरी बसवू."

मिस्त्री कपाळाला हात लावून बसला. "नव्याकोऱ्या टाइल्स काढायच्या, आन् हॉलमधी पार्किंगच्या टाइल्स बसवायच्या? भाऊ, लोक तुम्हाला न्हाई, मला हसतील." पण बसवल्या. खाटेपासून मोरीपर्यंत, दाणेदार, पायाला चटकन लागणाऱ्या.

पट्टा वाळल्यावर तो हत्यारं न्यायला आला, तेव्हाच बाबांना उठवलं. ते पायानं चाचपत एकटे मोरीपर्यंत गेले आणि एकटेच परत आले. मला फार बरं वाटलं. मिस्त्रीही कंबरेवर हात ठेवून बघत होता.

पण बाबा खाटेवर बसले नाहीत. पट्ट्याच्या कडेला उभं राहून त्यांनी उजवा पाय गुळगुळीत टाइलवर ठेवला, मागं घेतला. मग दुसऱ्या बाजूला ठेवून बघितला.

"काय हवंय बाबा?"

"मोरीचा रस्ता केलास, बरं केलंस," ते म्हणाले. "तुझ्या आईकडं कुठनं जायचं?"

आत आई भाकरी थापत होती. थापण्याचा आवाज थांबला. इतके दिवस मी बाबांना काय लागतं याचाच विचार करत होतो, आणि हे माझ्या मनातसुद्धा आलं नव्हतं. मला आईकडे बघवेना.

मिस्त्रीनं हातातली पिशवी खाली ठेवली. "स्वयपाकघर ना," तो म्हणाला, आणि छिन्नी शोधायला लागला.