तांब्या ठेवून गेलेली बाई

आमच्या आत्यांनी जेवढ्या बायकांचं भलं केलं तेवढ्यांचं अख्ख्या वाशीत कुणी केलं नसेल, आणि त्यातली एकही बाई हाडामांसाची नव्हती. आत्या म्हणजे माझ्या नवऱ्याच्या आत्या. लग्न केलेलं नाही, वय साठीच्या पुढे, उंची बेताची, आवाज मात्र खणखणीत. गिरगाव सोडून, खाडीपूल ओलांडून आम्ही वाशीच्या नव्या फ्लॅटमध्ये राहायला आलो तेव्हा सामानाबरोबर त्याही आल्या आणि महिन्याभरात सगळ्या बिल्डिंगच्या आत्या झाल्या. त्यांचा जीव गुंतायचा तो गोष्टींतल्या बायकांत, पण नायिकांत नव्हे. नायिकेचं बघायला लेखक समर्थ आहे, असं त्या म्हणायच्या. दार उघडून आत जाणारी, दिवा लावणारी, निरोप सांगून निघून जाणारी, अशी दोन ओळींची बाई दिसली की आत्या चष्मा काढून पुसायच्या आणि विचारायच्या, "हिचं पुढे काय झालं?" लेखकाने ते सांगितलेलं नसेच. मग आत्या स्वतः लिहीत.

त्या काळी साप्ताहिकात क्रमशः येणाऱ्या कादंबरीची पानं कापून, ओळीने लावून घरीच बांधायची पद्धत होती. आमच्याकडे हे काम आत्यांचं. दाभणाने भोकं पाडायची, जाड दोऱ्याने शिवायचं, वर गव्हाच्या खळीने खाकी कागद चिकटवायचा. फक्त आत्यांच्या बाडात छापील पानांच्या मधेमधे एकरेघी वहीची पानंही शिवलेली असत आणि त्यांवर आत्यांच्या गोल अक्षरात त्या दोन ओळींच्या बाईची पुढची हकीकत असे. हे बाड सेक्टरभर फिरायचं. बायका आधी वहीची पानं वाचत आणि वेळ उरला तर छापील. आमचे हे काही गोष्टी वाचणाऱ्यांतले नव्हेत. आत्या काहीतरी शिवत असते, एवढंच त्यांना ठाऊक होतं, आणि पुढचा सगळा घोळ त्यातूनच झाला.

या लिखाणात आत्यांच्या आवडीनिवडी अगदी पक्क्या. बाईला दुसऱ्या परिच्छेदाच्या आत नाव मिळालं पाहिजे. तिला एकदम देखणी करायची नाही. नायिकेशी तिचं वैर लावायचं नाही. शेवटी नायकाला तिची किंमत कळली वगैरे तर मुळीच नाही. त्याला कळलं काय नि न कळलं काय, हिचं अडलंय कुठे, असा त्यांचा सवाल असे. आजाराने मारायचं नाही, कारण ती लेखकाची पळवाट. आणि एकदा तरी तिला बसून पोटभर जेवू घालायचं. हा शेवटचा नियम आमच्याकडे मासळी घेऊन येणाऱ्या वाशीगावच्या कोळणीने घालून दिला होता. तिला वाचता येत नसे. ती दारात मांदेली साफ करायची आणि आत्या उंबऱ्याशी बसून तिला पानं वाचून दाखवायच्या. एकदा सगळं ऐकून घेऊन ती म्हणाली, "सगल्यांना वाढते ती बाय, पन ती कवा जेवली ते लिवलंच नाय तुमी." आत्या तशाच उठल्या आणि आत जाऊन कागदावर त्या बाईला भात, सार आणि तळलेली मांदेली वाढून आल्या.

मीही एकदा हात चालवून पाहिला. ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका कारखान्यात मी हजेरीच्या ऑफिसात होते. तिथे जेवणाच्या सुट्टीत एका कथेतल्या शिवणकाम करणाऱ्या बाईवर मी चार पानं लिहिली आणि शेवटी तिचं एका भल्या मास्तरांशी लग्न लावून दिलं. मला वाटलं, आत्या खूश होतील. त्यांनी वाचून कागद घडी करून परत दिले. "लग्न लावून दिलंस, म्हणजे तिचं काय करायचं ते तुला सुचलं नाही," एवढंच म्हणाल्या. मला इतका राग आला की त्यानंतर त्यांचं लिखाण मी वाचायचे, पण बरं झालंय असं तोंडातून काढायचे नाही. माझा स्वभाव असाच आहे, त्याला इलाज नाही.

मग ती कादंबरी सुरू झाली. कोकणातल्या एका तरुण डॉक्टरची, चाळीसेक आठवडे चाललेली. तिसऱ्या आठवड्यात डॉक्टर शिक्षण संपवून घरी येतो आणि थोरल्या भावाची विधवा, म्हणजे थोरली वहिनी, पाण्याचा तांब्या ओटीवर ठेवून आत जाते. बस, एवढंच एक वाक्य. अंक आला की आत्या उभ्या उभ्या आधी वहिनीला शोधायच्या. कादंबरीत डॉक्टरचं लग्न झालं, बारसं झालं, घरावर नवी कौलं चढली, पण वहिनी काही परत आली नाही. आत्या जिन्यात भेटेल त्याला विचारायच्या, तांब्या ठेवून ती बाई गेली कुठे? शेवटी त्यांनी तिचं नाव सरू ठेवलं आणि तिची बारा प्रकरणं लिहिली. सरू मागच्या दाराने बाहेर पडते, खाडीकाठच्या एका मिठागरावर मजुरांची हजेरी मांडायचं काम धरते आणि एक खोली घेऊन राहते. हजेरीच्या कामाची बारीकसारीक माहिती आत्यांनी भाजी निवडता निवडता माझ्याकडूनच काढून घेतली होती. त्यांनी तोवर लिहिलेल्यात हे सगळ्यात सरस होतं. मी अर्थातच तसं म्हटलं नाही.

पुढे सोसायटीच्या वाचनालयाच्या वाढदिवसाला नेमकं त्या कादंबरीच्या लेखकांनाच बोलवायचं ठरलं. वाचनालयाचे चिटणीस आमचे हे. त्यांच्या पत्राला उत्तराचं पोस्टकार्ड आलं. लेखक यायला तयार होते, पण त्यांची एक अडचण होती. कादंबरीचं पुस्तक निघायचं होतं आणि त्यांच्याजवळची कात्रणं वाळवीने खाल्ली होती. तुमच्याकडे कुणी सगळे अंक जपून ठेवले असतील तर थोडे दिवस मिळतील का, असं त्यांनी विचारलं होतं. यांनी उलट टपाली कळवून टाकलं की संपूर्ण बाड बांधून तयार आहे, कार्यक्रमातच आपल्या हाती देऊ. आणि मग मला सांगितलं. माझा कणकेचा हात परातीतच राहिला. लेखक चिडले तर सगळ्या सोसायटीसमोर यांची शोभा होणार होती, पण त्याचं मला तितकंसं नव्हतं. बाडात शिवलेल्या त्या बारा प्रकरणांची दुसरी प्रत नव्हती. रागाच्या भरात त्या माणसाने ती पानं काढून फेकली असती तर सरू संपलीच होती.

मी आत्यांना म्हटलं, रविवारच्या आत पानं उसवून घ्या. त्या "बघते" म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी विचारलं तर पुन्हा "बघते." शुक्रवारी आणि शनिवारी दुपारी त्या दार लोटून दाभण घेऊन बसल्या असं कामावरून आल्यावर कळलं, तेव्हा मला हायसं वाटलं. रविवारी सकाळी त्यांनी बाड वर्तमानपत्रात गुंडाळून, सुतळी बांधून यांच्या हातात दिलं. मी ते उचलून पाहायला हवं होतं. वजनावरून कळलं असतं.

कार्यक्रम गच्चीवर होता. मिठागरांकडून वारा येत होता आणि टेबलावरचा कपडा उडू नये म्हणून चार कोपऱ्यांवर चार विटा ठेवल्या होत्या. लेखक सडपातळ, सौम्य, बोलताना सारखे क्षमा मागणारे. यांनी भाषण करून पुडकं त्यांच्या हातात दिलं, लेखकांनी सुतळी सोडली, आणि मला दुसऱ्या रांगेतून बाडाची कड दिसली. आधीची शिवण पांढऱ्या दोऱ्याची होती. ही लाल होती आणि दुहेरी. आत्यांनी दोन दुपारी उसवण्यात नव्हे, पक्कं करण्यात घालवल्या होत्या. शेजारी बसलेली तळमजल्यावरची शेजारीण कानाशी म्हणाली, "टेन्शन नको घेऊस गं, तो काय आता उघडून बघतोय थोडाच?" तेवढ्यात मागून कुणीतरी लेखकांना थोडं वाचून दाखवायची विनंती केली आणि ते म्हणाले, तिसरं प्रकरण वाचतो, ते माझं आवडतं आहे.

त्यांनी वाचायला सुरुवात केली. छान वाचत होते, पण मला ऐकू येत होतं ते फक्त पान उलटल्याचं. एक पान झालं. दुसरं झालं. पहिल्या रांगेत आत्या पाठ ताठ करून बसल्या होत्या, हात मांडीवर, नजर लेखकांच्या बोटांवर. तांब्याचं वाक्य आलं आणि गेलं. मग लेखकांनी पान उलटलं आणि त्यांचा आवाज थांबला. गच्चीवर बसलेल्या प्रत्येक बाईला समोर काय आलंय ते माहीत होतं, आणि एकीनेही मान वर केली नाही. लेखक मनातल्या मनात वाचू लागले. एक पान वाचलं, दुसरं वाचलं. यांना काही कळेना, ते पाण्याचा पेला पुढे करून उभे राहिले. माईक मधूनच कुरकुरत होता. तिसरं पान उलटून लेखकांनी विचारलं, "हे कुणी लिहिलंय?"

मग आत्या उठल्या, पदर खांद्यावर ओढून घेतला. "मी लिहिलंय," त्या म्हणाल्या. "तांब्या ठेवून ती कुठे गेली ते तुम्ही लिहिलं नव्हतं."

"कोण?" लेखकांनी विचारलं. चिडून नव्हे, खरोखरच त्यांना आठवत नव्हतं. त्यांनी मागचं पान उलटून वाक्य शोधलं, बोट ठेवलं आणि ओशाळून हसले. "अरे हो. होती खरी." मग त्यांनी आदराने विचारलं, "आपलं नाव?"

आत्यांचे ओठ हलले. पण तेवढ्यात हे घाईघाईने माईकपाशी आले आणि म्हणाले, "आमच्या आत्या आहेत त्या. वाचनाचं फार वेड." लोक हसले, टाळ्या वाजल्या, लेखकांनी नमस्कार केला आणि बाड पिशवीत घातलं. वहीची पानंही शांतपणे वाचीन, मग सगळं परत पाठवीन, असं आत्यांना सांगून ते निघाले. आत्या पुन्हा खाली बसल्या.

त्यानंतरचे चार महिने आमच्या घरात कुणी मोठ्याने बोललं नाही असंच मला आठवतं. आत्यांनी एक ओळ लिहिली नाही. पोस्टमनच्या वेळेला त्या गॅलरीत उभ्या राहायच्या, तो समोरच्या बिल्डिंगमध्ये शिरला की आत येऊन तांदूळ निवडायला घ्यायच्या आणि निवडलेलेच पुन्हा निवडायच्या. कोळीण टोपली उतरवायच्या आधी विचारायची, "आली का सरू?" आत्या नुसती मान हलवायच्या. यांनी दोन पत्रं पाठवली, त्यांना उत्तर नाही. मी एकदा धीर करून विचारलं, आत्या, उसवलं का नाहीत तुम्ही? त्या म्हणाल्या, "वाटलं, त्याने वाचलं तर तो तिला परत बोलावील." घरात राहून इतके दिवस मला हे कळलं नव्हतं.

पार्सल आलं तेव्हा मी रजेवर होते. आत नवं कोरं पुस्तक, पहिल्या पानावर 'आत्यांना सप्रेम' अशी सही, कात्रणांचा गठ्ठा, आणि नीट उसवून लाल दोऱ्यानेच बांधलेली वहीची पानं. सगळी होती, मी मोजली. सोबत चिठ्ठी होती: आपण दाखवलेली चूक बरोबर होती, पुस्तकात ती दुरुस्त केली आहे, आभारी आहे. आत्यांनी चष्मा पुसला आणि तिसरं प्रकरण उघडलं. डॉक्टर घरी येतो, ओटीवर चढतो आणि कोपऱ्यातल्या माठातलं पाणी आपल्या हाताने घेऊन पितो. थोरला भाऊ वारल्याचा उल्लेखही गेला होता. मुळात भाऊच नव्हता, तर वहिनी कुठली?

मी संतापले. आत्ताच्या आत्ता त्यांना पत्र लिहू या म्हटलं. आत्यांनी ते पान दुसऱ्यांदा वाचलं आणि पुस्तक मिटलं. "नको," त्या म्हणाल्या. "त्याला वाईट नव्हतं करायचं." मग वहीची पानं मांडीवर घेतली. मी त्यांच्याशेजारी बसले आणि जे वर्षापूर्वी बोलायला हवं होतं ते बोलले. "आत्या, सरूचं फार सुंदर लिहिलंत तुम्ही."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "हजेरीचं बरोबर आलंय ना?"

"अगदी बरोबर आलंय," मी म्हटलं.

त्या दुपारी कोळीण आली, तिला सगळं सांगितलं, तिने लेखकाला आपल्या भाषेत दोन शब्द ऐकवले आणि मग आम्ही तिघी जेवायला बसलो. वाढायला मी उठले, आत्यांना उठू दिलं नाही. भात, सार आणि तळलेली मांदेली. आत्यांनी दोनदा भात घेतला.

इथेच थांबते. आत्यांचे नियम मला पाठ आहेत, म्हणून त्यांचं लग्न का झालं नाही ते मी सांगितलं नाही, आणि पुढे काय दुखणं झालं तेही सांगणार नाही. सरूची बारा प्रकरणं आता माझ्या कपाटात आहेत आणि मी ती अधूनमधून वाचते. एक नियम मात्र माझ्याकडून मोडला. गच्चीवर लेखकांनी विचारलं तेव्हा मी दुसऱ्या रांगेत बसले होते, मला उत्तर माहीत होतं, आणि मी गप्प राहिले. इथेही ते दुसऱ्या परिच्छेदाच्या आत यायला हवं होतं. आत्यांचं नाव द्वारका.