थोरलीनं दुखणं दोनदा सांगितलं

त्या दोघी जावा जिन्याखालच्या गाळ्यात पडदे शिवायच्या. मोठीला सगळी गल्ली थोरली म्हणायची आणि लहानीला धाकटी. गाळा एवढासा, की एकीनं कापड झटकलं तर दुसरीनं बाजूला सरकायचं. आणि सरकायची पाळी नेहमी धाकटीचीच. थोरलीचा स्वभाव वाईट नव्हता हो, पण तिला तिचं तेच खरं वाटायचं, आणि वीस वर्षं धंदा तिनं एकटीनं सांभाळलेला असल्यामुळे ते बऱ्याचदा खरंही असायचं.

तिचे पडदे मात्र बघत राहावे असे. कितीही वारा असो, पडदा आपला सरळ रेषेत उभा. त्याचं कारण खालच्या दुमडीत असायचं. तिथं दर वितीवर एक शिशाची गोळी, वाटाण्याएवढी, आत शिवून टाकलेली. आता एका हातात कापड, दुसऱ्या हातात सुई, मग गोळ्या ठेवायच्या कुठे? टेबलावर ठेवल्या तर घरंगळतात, वाटीत ठेवल्या तर दर वेळी मान वळवावी लागते. थोरली त्या गालात ठेवायची. एका वेळी दहा-बारा. लागेल तशी एकेक जिभेनं पुढे आणायची आणि बोटांत घ्यायची. धाकटी लग्न होऊन आली तेव्हा तिनं तिलाही हेच शिकवलं, मोठ्या अभिमानानं. सासूबाई हयात होत्या तेव्हा म्हणायच्या, "घरात घटकाभर शांतता हवी असेल तर थोरलीला पडद्याचं काम द्या."

दुखणं म्हणे हत्तीच्या पावलांनी येतं. थोरलीचं मुंगीच्या पावलांनी आलं. आधी तोंडाला एक गोडसर, गंजकी चव राहायला लागली. मग पोटात पीळ पडायला लागला, असा की मशीनवर ओणवं होऊन बसावं लागे. मग थकवा. आणि गेल्या चार महिन्यांत उजवं मनगट ऐन वेळी ढिलं पडायला लागलं. कात्री हातातून सुटायची. एकदा तर गिऱ्हाइकासमोर सुटली, आणि थोरलीनं दोष कात्रीला दिला.

पहिल्या डॉक्टरांकडे एवढी गर्दी की ती खुर्चीत टेकायच्या आत त्यांनी ॲसिडिटीच्या गोळ्या लिहून टाकल्या. मोठ्या इस्पितळात तिचे फोटो काढले, पोटावर थंडगार जेली लावून यंत्र फिरवलं आणि सांगितलं, "सगळं नॉर्मल आहे." जणू हिनंच तक्रार करून त्यांचा वेळ खाल्ला. तिसरे फार गोड बोलायचे. त्यांनी विचारलं, "घरात काही ताण? सुनेशी पटतं का?" सून नाही म्हटल्यावर ते जरा हिरमुसले आणि झोपेच्या गोळ्या दिल्या. परगावच्या लेकानं फोनवरून उंटावरून शेळ्या हाकल्या, "आई, ते मशीन आता विकून टाक." आणि नवऱ्यानं, तो बिचारा काळजीनंच, मशीनला गिऱ्हाईक बघून ठेवलं. महिनाअखेरीला माणूस मशीन न्यायला येणार होता.

मशीन जाणार हे थोरलीच्या जिवाला लागलं होतंच. पण त्याहून एक गोष्ट तिला आतून खात होती, आणि ती तिनं कुणालाही सांगितली नव्हती. एवढी शिकलेली माणसं म्हणतात काही नाही, तर खरंच काही नसेल. आपलं मनच आपल्याशी खोटं बोलत असेल. पोटात कळ आली की ती आता स्वतःलाच दटावायची, "गप बस, नाटकं नकोत."

अशात काम आलं ते बहिऱ्या डॉक्टरांच्या दवाखान्याचं. तपासणीच्या खोलीला नवे पडदे हवे होते. डॉक्टर साठीचे, एका कानानं पार ठप्प, दुसऱ्यात मशीन. त्यांच्याकडे जायला लोक नाखूश असायचे. दुखणं मोठ्यानं सांगावं लागायचं आणि बाहेर बाकावर बसलेल्या सगळ्यांना तुमच्या पोटातलं, शब्दशः, कळायचं. शिवाय प्रत्येक गोष्ट दोनदा सांगायची. एवढी फुरसत कुणाला आहे?

दोघी जावा दुपारी माप घ्यायला गेल्या. धाकटी टेपचं टोक धरून खिडकीशी, थोरली दुसरं टोक धरून स्टुलावर. आणि वर हात नेल्यावर मनगट लुळं पडलं नि टेप खाली आला. उचलला, पुन्हा पडला.

डॉक्टर टेबलाशी बसून काही लिहीत होते. म्हणाले, "वरचेवर होतं असं?"

"काही नाही, वय झालं," थोरली म्हणाली.

"काय?" त्यांनी कानामागे हात धरला.

"म्हटलं, वय झालं!" ती ओरडली. आणि ओरडल्यावर तिचं तिलाच ते पटलं नाही. तिची आई सत्तरीतही सुईत दोरा ओवायची. "वय नाही," ती म्हणाली. "चार महिन्यांपासून होतंय. पोटामागोमाग सुरू झालं."

"काय?"

दोनदा सांगण्यात एक गंमत असते. पहिल्यांदा माणूस ठरवलेलं सांगतो, दुसऱ्यांदा झालेलं. थोरली स्टुलावरून उतरली, खुर्चीत बसली आणि सांगत गेली. चव सांगितली, पीळ सांगितला, कात्री सांगितली. डॉक्टरांनी एकदाही घड्याळाकडे बघितलं नाही. सगळं लिहून घेतलं आणि तिच्याच शब्दांत तिला वाचून दाखवलं. शेवटी म्हणाले, "दिवसभर कामाला बसता कशा, ते सांगा."

"सांगून नाही कळायचं तुम्हाला. दाखवते." तिनं खोलीतल्या जुन्या पडद्याची कड मांडीवर ओढली, पिशवीतून मूठभर गोळ्या काढल्या, पाच-सहा सवयीनं गालात टाकल्या आणि दुमडीवर सुई धरली.

"त्या कसल्या गोळ्या आहेत?"

"हिहाच्या," ती भरल्या गालानं म्हणाली.

"काय?"

तिनं एक गोळी तळहातावर काढून दाखवली. "शिशाच्या."

डॉक्टर उठून उभे राहिले. "सगळ्या बाहेर काढा. आधी चूळ भरा."

चूळ भरून झाल्यावर त्यांनी सावकाश समजावलं. शिसं थुंकीबरोबर पोटात जातं, रक्तात उतरतं, पोट पिळतं, मनगट ढिलं करतं. "रक्त तपासल्याशिवाय मी छातीठोकपणे सांगणार नाही," ते म्हणाले. "पण आजपासून तोंडात एकही नाही. शिसं निघालंच, तर उपाय आहेत. वेळ लागेल." (आठ दिवसांनी कागदावर आलं ते हेच.) मग ते म्हणाले, "तुमचं दुखणं खरं आहे, बाई."

थोरली रडली. चांगली हमसून रडली. माणूस आजाराला घाबरतो म्हणतात, पण तिला त्या क्षणी आपल्या अंगात विष आहे हे ऐकून सुटल्यासारखं झालं होतं. ती खोटं बोलत नव्हती, तिचं मनही खोटं बोलत नव्हतं. मशीनसाठी येणाऱ्या माणसाला काय सांगायचं, तेही तिनं पदरानं नाक पुसता पुसता ठरवून टाकलं.

डॉक्टरांनी नवा कागद घेतला. "गाळ्यात आणखी कोण काम करतं?"

"ही आमची धाकटी. पण हिला काही नाही!" थोरली एव्हाना मोठ्यानं बोलायला सरावली होती. "जरा वेळ बसते की पोट धरून उठते. कामाचा कंटाळा, दुसरं काय! मी लक्षच देत नाही."

खोलीत ते सगळं घुमलं. थोरलीनं स्वतःचे शब्द ऐकले आणि तिचा चेहरा उतरला. डॉक्टर या वेळी "काय" म्हणाले नाहीत.

धाकटी खिडकीशी टेपची गुंडाळी करत होती. तिनं वर बघितलंच नाही.

थोरली खुर्चीतून उठली. "ये, बस इथं."

"राहू दे ताई, तुमचं होऊ दे आधी."

"माझं झालं. कधीपासून दुखतंय तुला?"

"तुम्हाला सांगितलं होतं की."

"सांगितलं होतंस," थोरली म्हणाली. "मी ऐकलं नाही. आता परत सांग. यांना सांग, मीही ऐकते."

धाकटी खुर्चीच्या अगदी कडेवर बसली आणि गुडघ्यांकडे बघत काहीतरी पुटपुटली. डॉक्टरांनी कानामागे हात धरला. "काय?"

तिच्या वतीनं सांगायला थोरलीनं तोंड उघडलं. दहा वर्षं तीच तिच्या वतीनं बोलत आली होती, गिऱ्हाइकांशी, दिराशी, सगळ्यांशी. तिनं तोंड मिटून घेतलं.

धाकटीनं मान वर केली. "दोन वर्षं पोटात दुखतंय माझ्या!" ती म्हणाली, आणि तिचा आवाज एवढा मोठा असेल असं कुणाला वाटलं नसतं. "आणि मी कामचुकार नाही!"

बाहेर बाकावर बसलेल्या शेवटच्या माणसापर्यंत ते पोचलं. थोरली खुर्चीमागे उभी राहिली आणि धाकटीचं सगळं सांगून होईपर्यंत एकदाही मध्ये बोलली नाही.