शिंदीच्या खोडाला कान

आमच्या गोंडपिपरीकडच्या गावात शिंदीच्या खोडातले किडे खायचे. भुंग्याच्या या अळ्या बोटाएवढ्या जाड, थंडीत चांगल्या पोसलेल्या. तव्यावर टाकल्या की आपल्याच चरबीत तळून निघतात. वर मीठ, तिखट आणि सोबत गरम भात. वरोऱ्याच्या वसतिगृहात कुणी विचारलं तर मात्र मी "छे, आमच्यात कुणी खात नाही" म्हणून मोकळी व्हायचे. अशी मी शहाणी.

आत किडे आहेत की नाहीत हे खोड फोडल्याशिवाय दिसत नाही, आणि जिच्या पानांचे झाडायचे फडे करून विकायचे ती शिंदी उगाच तोडलेली गावात खपत नसे. म्हणून आधी खोडाला कान लावायचा. अळ्या पोखरत असतील तर आतून कुरकुर ऐकू येते. गावात हा कान माझ्या मायचा. ती "हाय" म्हणाली तरच कुऱ्हाड चालायची. मजुरीवर जगणाऱ्या त्या विधवा बाईला गावात तेवढाच एक मान होता.

एका पौषात सुट्टीत घरी आले तर मायला कमी ऐकू येत होतं. हाक मारली की ती अंदाजानेच हसायची. तरी रानात जायची हौस तीच. पहिल्या झाडाला तिने कान लावला, डोळे मिटले आणि बराच वेळ तशीच उभी राहिली. मग म्हणाली, "तू आयक बरं. मले काई आयकू येऊन नाई राह्यलं."

मी कान लावला. आत नुसता धिंगाणा चालला होता. खरं सांगितलं असतं तर आपला कान गेला हे तिला तिथेच कळलं असतं. मला ते बघवलं नसतं. मी ओरडून म्हटलं, "नाई वं माय, काईच नाई."

तिचा चेहरा खुलला. पुढच्या चारही झाडांपाशी मी तेच सांगितलं. "औंदा किडेच नाई," असं ती वाटेत भेटेल त्याला ठणकावून सांगत आली.

दोन दिवसांनी शेजारीण पळसाच्या पानावर वाटा घेऊन आली. किडे काढले की आजूबाजूच्या घरांत द्यायचे, ही रीत.

"कोनतं झाड?" मायने विचारलं.

"तलावाच्या पाळीवरचं, वाकडं," शेजारीण तिच्या कानाशी ओरडली. "दुरूनच आवाज येत होता ना!"

आमचं पहिलंच झाड. माय माझ्याकडे बघत राहिली. "काऊन वं?" एवढंच म्हणाली. तिने ते पान तसंच शेजारणीच्या हातात परत दिलं, आणि नंतर कधी रानात गेली नाही.

ती पुढे नऊ वर्षं जगली. मी शपथा घेतल्या, रडले, पाया पडले; काही उपयोग झाला नाही. मी नोकरी लागल्याचं सांगितलं, डॉक्टर काय म्हणाले ते कानात ओरडून सांगितलं, तरी ती सगळं ऐकून घ्यायची आणि शेजारणीकडे वळून विचारायची, "खरं हाय का वं?"