गणिताची बोरं

चकलांब्याजवळच्या एका छोट्या गावात, जिल्हा परिषदेच्या शाळेवर मी सातवीला शिकवते. टीव्ही आणि मोबाइल आपल्याला काय काय पटवून जातात, हे मुलांना समजावून सांगायचं त्या हिवाळ्यात मी मनावर घेतलं होतं. पहिल्याच तासाला विचारलं, "जाहिरातीत दाखवतात ते खरं असतं का रे?"

"न्हाई मॅडम!" सगळा वर्ग एका सुरात. "ते लोकांला फसवायला असतंय."

"आणि तुम्ही फसता का?"

"आमी कावून फसू?" असं ठणकावणारी मुलगी मेंढपाळाच्या घरची. आवाज इतका खणखणीत, की प्रार्थनेला तिला कधी माईक लागला नाही. आणि न फसणाऱ्या या वर्गाला चॉकलेटपासून सिमेंटपर्यंत सगळ्या जाहिराती तोंडपाठ!

म्हटलं, चला, आपणच एक जाहिरात करू. कशाची? मुलांनी खिडकीबाहेर बोट दाखवलं. शाळेमागे एक बोरीचं झाड आहे. त्याची बोरं अशी आंबट, की खाणाऱ्याचा एक डोळा आपोआप मिटतो. तीच लोकांच्या गळी उतरवायची, असं ठरलं.

मेंढपाळाच्या मुलीने वडिलांचा पांढरा सदरा मागचं पुढे करून घातला, माझा चष्मा लावला, झाली डॉक्टरीण. कुणीतरी स्टीलच्या ताटावर ठेका धरला. मोबाइल माझ्या हातात.

"मला सतराचा पाढा येत नव्हता," ती गंभीर चेहऱ्याने म्हणाली. "मग मी रोज दोन बोरं खायला लागले. आता पाढे माझ्या मागं पळत्यात!" एवढं बोलून तिने बोर तोंडात टाकलं आणि अशी गोड हसली, की मलाच वाटलं, एखादं खाऊन बघावं. ते हसू जमेपर्यंत आमचा जीव मेटाकुटीला आला होता, कारण दर वेळी तिचं तोंड वाकडं व्हायचं. शेवटी बोराऐवजी गुळाचा खडा दिला.

व्हिडिओ मी पालकांच्या ग्रुपवर टाकला. लोक हसतील, एवढाच माझा अंदाज.

दुसऱ्या दिवशी बघते तर बोरीखाली लहान वर्गांची झुंबड! खिसे फुगलेले, डोळे मिटलेले, तरी चघळणं चालूच. दुपारी एका वडिलांचा फोन आला. ते ऊसतोडीला गेलेले, मुलगा गावात आजीजवळ. "मॅडम, ते बोरं आमच्या पोराला बी द्या की. त्याचं गणित लई कच्चं हाय."

"अहो, ती गंमत होती."

"आसू द्या. पर दोन द्या."

पुढे तलवाड्याच्या बाजारात एक बाई पाटी मांडून "घ्या, गणिताची बोरं!" म्हणून ओरडत होती म्हणे. हे सांगताना मुलं बाकांवर लोळत होती. "मॅडम, आपुन तर लई भारी निघालो!"

आमची डॉक्टरीण तेवढी हसत नव्हती. तिची धाकटी बहीण दुसरीत. तिने पाटी-पेन्सिलीला हात लावणंच सोडलं होतं. बोरं खाल्लीत, आता पाढे आपसूक येतील, म्हणून निवांत.

"मग सांग ना तिला, ते खोटं होतं."

"सांगितलं मॅडम. तर म्हंती, तू मोबाइलात खरं बोललीस आन् घरी खोटं बोलतीस."

मग मुलांनीच ठरवलं, दुसरा व्हिडिओ काढायचा. उलटा सदरा, माझा चष्मा, गुळाचा खडा, सगळं उघड करून दाखवलं. डॉक्टरीणबाईंनी खरं बोर खाऊन तोंडही खरंखुरं वाकडं केलं. ग्रुपवर टाकला, पण कुणी फिरकेना. त्या ऊसतोडीवरच्या वडिलांना मी मुद्दाम फोन केला.

"बघितला थोडा," ते म्हणाले. "पर मॅडम, पहिला झकास हुता. ह्यात काय मजा न्हाई."

मुलं चिडली. खरं सांगितलं तर कुणी बघत का नाही, यावर तासभर हमरीतुमरी झाली. मला मध्ये बोलायला जागाच मिळाली नाही.

धाकटीवरचा इलाज शेवटी ताईनेच शोधला. तिने तिला आमच्या वर्गात आणलं, माझा मोबाइल तिच्या हातात दिला आणि कुंपणाशी चरणारी शेळी दाखवून म्हणाली, "हिचा व्हिडिओ काढ." स्वतः भिंतीआड लपली आणि शेळीच्या सुरात बोलली, "मी रोज अभ्यास करते, बें!"

धाकटीने व्हिडिओ पुन्हा पुन्हा पाहिला. मग शेळीकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं, आणि एकदम खुदकन हसली. "शेळी कुठं बोलती? तूच बोलती की!"

पुढच्या आठवड्यात त्यांची आई शाळेत आली. "मॅडम, काय शिकवलं ओ पोरीला? टीव्ही लावला की उठून त्याच्या मागं जाती. कोण बोलतंय ते बघाया!"

मी त्यांना बसायला खुर्ची दिली आणि चहा मागवला. इतकी छान तक्रार माझ्याकडे आजवर कुणी आणली नव्हती.