निळ्या दोऱ्याची पिशवी

छत्र्यांच्या कारखान्यात तिला सगळ्याजणी वहिनीच म्हणत. तिची नणंद तिथे आधीपासून कामाला होती, ती वहिनी म्हणे, म्हणून मग तिच्या दुप्पट वयाच्या बायकाही वहिनी म्हणायला लागल्या. आणि छत्र्या म्हणजे पावसातल्या नव्हेत हो! विमानातून उडी टाकायच्या. विमानं तेव्हा नवी, लाकडाची आणि कापडाची. इंजिन कुठे दगा देईल याचा नेम नसे, आणि दिलाच तर वैमानिकाला आधार एकच, पाठीवर बांधलेली रेशमी छत्री.

वहिनीचं काम त्या छत्रीची घडी घालण्याचं. लांबलचक टेबलावर रेशीम पसरायचं, एकेक पाकळी दुसरीवर बसवायची, दोऱ्या ओळीनं लावायच्या. रेशीम इतकं लबाड, की जरा शिंकलं तरी सरकणार. म्हणून त्यावर वाळूच्या लहान पिशव्या ठेवत आणि घडी बसली की काढून घेत. कुणाची कुठली ते कळावं म्हणून प्रत्येकीच्या पिशव्यांना वेगळ्या रंगाची शिलाई. वहिनीची निळी.

पिशवी चुकून आत राहिली तर छत्री उघडत नाही, हे तिला पहिल्याच दिवशी सांगितलं गेलं आणि बाईची झोप उडाली. मुळात ती भित्री. घराला कुलूप लावून कोपऱ्यापर्यंत जायची आणि ओढून बघायला परत यायची. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात ते काही उगाच नाही.

त्यात तिथली ती रीत. अधूनमधून तपासनीस डोळे मिटून कपाटातली एक छत्री ओढायचा आणि डब्यातून एका बाईच्या नावाची चिठ्ठी काढायचा. जिचं नाव निघेल तिनं ती छत्री बांधून विमानातून उडी टाकायची. घडी कुणाची आणि पाठ कुणाची येईल, आधी कुणालाच ठाऊक नसे. "म्हणजे हात जपून चालतात," तपासनीस म्हणायचा. त्याचं काय जातंय! तो स्वतः कधी स्टुलावरूनही उडी मारायचा नाही.

त्या दिवशी सकाळी वहिनी टेबलाशी आली आणि तिनं पिशव्या मोजल्या. एक पिशवी कमी होती. तिनं टेबलाखाली पाहिलं, खुंटीमागे पाहिलं, पदर झटकल्यासारखं करून स्वतःच्या ॲप्रनचे खिसे पाहिले. कुणाला विचारायची सोय नव्हती. छत्रीत काही राहिलं असं नुसतं कळलं, तरी त्या बाईला फाटकाबाहेर काढत. आदल्या दिवशी तिनं एकच छत्री बांधली होती. बाळ रात्रभर रडलं होतं, डोळ्यांवर पेंग होती. शेवटची पिशवी काढली होती की नव्हती? आठवेना. काही केल्या आठवेना.

तेवढ्यात तपासनीस आला, डोळे मिटले, छत्री ओढली. तिच्यावर शिवलेल्या पट्टीवर नाव वहिनीचं, तारीख कालची.

चिठ्ठी निघाली वन्संची.

वन्सं म्हणजे तिची तीच नणंद, नवऱ्याची थोरली बहीण. नवऱ्याचं घर सोडून माहेरी आलेली बाई, पण या नोकरीच्या जोरावर ताठ मानेनं राहायची. तोंडानं फटकळ. "माझं काही बरंवाईट झालं तर तांब्याची घागर तू घे हो," त्या हसत म्हणाल्या. "भांडी घासताना तेवढे पोचे पाडू नकोस."

पट्टे आवळायला वहिनीलाच बोलावलं. तिनं वन्संच्या खांद्यावरचा पट्टा ओढला, छातीवरची कडी अडकवली. आत्ता सांगावं. पण पिशवी आत नसलीच तर? उगाच नोकरी जायची. आणि असली तर?

"सावकाश या," एवढंच ती बोलली. आणि जीभ झडली कशी नाही, असं तिला वाटलं.

मैदानावर विमानाचा पंखा फिरायला लागला. वन्संनी शिडीवर एक पाय ठेवला, दुसरा ठेवला, आणि वहिनीच्या तोंडून किंचाळी फुटली.

"थांबवा! छत्रीत पिशवी आहे! माझी निळी पिशवी!"

पंखा थांबला. वन्सं वळल्या. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. मरणाच्या दारातून परत आल्यावर पडेलच, वहिनीला वाटलं.

छत्री आत नेऊन उघडली. रेशीम टेबलभर पसरलं. पिशवी नव्हती. काहीच नव्हतं.

"वाळू काही सोन्याची नसते," तपासनीस शांतपणे म्हणाला, आणि तो शांत झाला की बायका जास्त घाबरत. "हरवली तर दुसरी शिवू. पण जिचा स्वतःच्या हातावर विश्वास नाही, तिची घडी मी दुसऱ्याच्या पाठीवर कशी बांधू? आता उडी तू मारायचीस."

"मी जाते ना हिच्याऐवजी," वन्सं पुढे झाल्या. "चिठ्ठी माझीच आहे."

"नाही."

वन्संनी पुन्हा तोंड उघडलं आणि मिटलं. वहिनीचे हात लटलट कापत होते, म्हणून घडी वन्संनीच घातली. एवढ्या सावकाश त्यांनी उभ्या जन्मात घातली नसेल. डोळ्यांतलं पाणी रेशमावर पडू नये म्हणून त्या सारख्या बाहीला तोंड पुसत होत्या.

वर काय झालं ते वहिनीला नीट सांगता येत नसे. वारा कानशिलात मारत होता. खाली घरं काड्यापेट्यांएवढी. कालच आपण वन्संना भांड्यांवरून टोचून बोललो होतो, हे तिला नेमकं तिथे आठवलं. वैमानिकानं हात हलवला. "आई गं!" म्हणत तिनं पाय सोडले, बाळाचं तोंड डोळ्यांपुढे आणलं आणि दोरी ओढली. काही झालं नाही. काही झालं नाही. मग खांदे उखडल्यासारखा हिसका बसला आणि डोक्यावर पांढरं रेशीम फुललं. ती उतरेपर्यंत रडत होती आणि उतरल्यावरही गवत मुठीत धरून रडत होती.

संध्याकाळी दोघी चालत घरी आल्या.

आतल्या खोलीचं दार रोज वाऱ्यानं आपटायचं आणि बाळ दचकून उठायचं. आज ते उघडं आणि स्थिर होतं. त्याला टेकून एक वाळूची पिशवी होती, निळ्या दोऱ्यानं शिवलेली.

"हळू बोला गं," सासूबाई म्हणाल्या. "आत्ताच डोळा लागलाय त्याचा. तुझ्या वन्संनी काल गुपचूप आणून दिली, मी आज दाराला लावली बघ. आज कसं गाढ झोपलंय!"

वहिनी वन्संकडे वळली.

"तुम्हाला माहीत होतं?"

"तू ओरडलीस तेव्हाच कळलं," वन्सं म्हणाल्या. "तुझंच टेबल जवळ होतं, घेतली उचलून. तशीच दुसरी शिवून ठेवणार होते."

"मग बोलला का नाहीत?"

"तिथलं सूत जरी बाहेर नेलं तरी काढतात. दोनदा तोंड उघडलं मी. भ्याले गं, वहिनी."

वहिनीच्या मस्तकात तिडीक गेली. तोंडात शिवी आली होती. मग तिला छातीवरची ती कडी आठवली.

"मला सकाळीच वाटलं होतं पिशवी आत आहे म्हणून," ती म्हणाली. "पट्टे आवळताना मला वाटतच होतं. तरी मी आवळले."

वन्संनी मान वर केली. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या, आणि आकाशात वाटली नव्हती तेवढी भीती वहिनीला त्या खोलीत वाटली. एका ताटात जेवणाऱ्या बायका त्या.

तिनं पिशवी उचलली. दार धाडकन आपटलं, बाळ रडायला लागलं.

दुसऱ्या दिवशी दोघी कारखान्याच्या फाटकाशी आल्या तेव्हा पिशवी वहिनीच्या उघड्या हातावर होती. वन्संनी तिचा दंड घट्ट धरला होता, आधार द्यायला की घ्यायला, कोण जाणे.

"हे काय?" पहारेकऱ्यानं विचारलं.

या खेपेला दोघींनी एकदमच तोंड उघडलं.