लाल साबणाचा वास

आज पवित्र गुरुवार. विधीसाठी कुणीतरी घंगाळाशेजारी लाल कार्बोलिक साबण ठेवला आणि त्या वासानं मी अंबरनाथच्या पत्र्याच्या चर्चमध्ये जाऊन पोचलो.

तेव्हा मी नवाच पाद्री होतो. येशूनं शिष्यांचे पाय धुतले, म्हणून या दिवशी पाद्री बारा जणांचे पाय धुतो. त्या बारांत इनास होता, संपापायी कारखान्यातून काढलेला. बाहेरच्या नळावर साबणानं पाय घासून तो खुर्चीत येऊन बसला.

“तुमचं काम हलकं केलं, फादर,” तो हसून म्हणाला.

तेवढ्यात पहिल्या बाकावरून त्याच कारखान्याचे मॅनेजरसाहेब उठून आले. चर्चचे पत्रे त्यांनीच दिले होते.

“हा बसणार असेल तर मी निघतो.”

मी इनासच्या कानाशी वाकलो. “तू पुढच्या वर्षी बस.”

तो उठला. त्याच्या पायांचे ओले ठसे फरशीवरून मागच्या बाकापर्यंत गेले.

प्रवचन आधीच तयार होतं, ते मी बदललंही नाही. जुन्या काळच्या फ्रँक लोकांच्या राजाच्या दरबारातल्या एका बिशपची गोष्ट होती. राजा स्वतः बिशपला न्यायला आला, तरी भिकाऱ्याचे पाय धुऊन होईपर्यंत बिशपनं त्याला दारात उभं ठेवलं.

विधीनंतर इनास दारात भेटला.

“मग राजानं काय केलं, फादर?”

“थांबला.”

“म्हणजे सांगितलं की थांबतात,” तो म्हणाला आणि चपला घालून निघाला. पुन्हा चर्चमध्ये आला नाही.

साहेब खरंच निघून गेले असते का, मला आजही माहीत नाही. मी त्यांना थांबा म्हटलंच नव्हतं.