भाऊजींचे बारीक उंदीर

आमचे भाऊजी, म्हणजे ताईचे यजमान, एका संस्थेत चरबीच्या पेशींवर संशोधन करायचे. जाड माणसांचा त्यांना भारी तिटकारा. लिफ्टमध्ये कुणी आडव्या बांध्याचं शिरलं की नाक मुरडून भिंतीला चिकटायचे. ताई चांगली अंगाने भरलेली. लहान मुलांना पोहायला शिकवायची. पण संस्थेच्या कार्यक्रमाला भाऊजी तिला कधी न्यायचे नाहीत. "लोक मला हसतील," असं तिच्या तोंडावर सांगायचे. एवढा शिकलेला माणूस!

काम मात्र खरं होतं, तेवढं मान्य करते. जनुकाकडून पेशीला निरोप जातो, तो म्हणजे आरएनए. काही प्रथिनं या आरएनएला धरतात. एखादं त्याला जपतं, एखादं त्याचा निकाल लावतं. निरोप टिकला तर कोवळी पेशी चरबीची होते, तिच्यात तेलाचे थेंब साठतात. नाही टिकला तर ती कोवळीच राहते. भाऊजींना असं निकाल लावणारं एक प्रथिन सापडलं. प्रयोगशाळेत काचेच्या बशीत जोपासलेल्या पेशींमध्ये त्यांनी ते वाढवलं, तर एकही पेशी चरबीची होईना. झालं! गडी हवेत.

"आता जगात जाड माणूस औषधाला सापडणार नाही," जेवताना ते म्हणाले आणि ताईकडे बघून खदाखदा हसले. ताईने आणखी एक पोळी वाढून घेतली.

मग ते प्रथिन अंगात जास्त बनेल असे उंदीर त्यांनी तयार करवले. एकेक शिडशिडीत! नातवंडांचे दाखवावेत तसे भाऊजी त्यांचे फोटो दाखवत फिरले. त्यांच्या हाताखाली पीएचडी करणारी मुलगी सांगत होती, "सर, उंदीर सुस्त पडतायत. सारखं पाणी पितायत. रक्तात साखर वाढलीय."

"तुझंच मोजायचं चुकतंय," यांचं ठरलेलं उत्तर.

शेवटी तिने एका मेलेल्या उंदराचं यकृत कापून त्यांच्यापुढे ठेवलं. फुगलेलं, पिवळट, तेलकट. चरबीला स्वतःच्या पेशीच उरल्या नव्हत्या, म्हणून ती यकृतात घुसली होती.

त्या दिवशी मी ताईकडेच होते. भाऊजी आदळआपट करत आले. काय झालं ते ऐकून ताईने साधंच विचारलं, "अहो, म्हणजे चरबीचाही शरीराला उपयोग असतो?"

"तुला काय कळतंय त्यातलं? पोरं डुंबवत बस तू!"

पुढच्याच आठवड्यात ताई बॅग घेऊन माझ्या दारात उभी राहिली.

"भांडलीस का गं?"

"छे. कंटाळा आला."

ती परत गेलीच नाही.

चरबीच्या पेशी शरीराला कशा वाचवतात, यावर पुढे भाऊजींचा शोधनिबंध छापून आला. पहिलं नाव त्यांचं, त्या पीएचडीवाल्या मुलीचं कुठेतरी शेपटाला. सत्कार ठरला तसा त्यांनी मला फोन केला, "या वेळी ताईला घेऊन ये. विषयाला धरून दिसेल."

ताईला सांगितलं, तर ती पोट धरून हसली. गेले मी एकटीच. भाऊजी मंचावरून गंभीरपणे म्हणाले, "चरबी आपली शत्रू नाही, हे मी पहिल्यापासून सांगत आलोय." टाळ्या पडल्या. मी हात मांडीवरच ठेवले.

ती मुलगी पुढे दुसऱ्या संस्थेत गेली. तिथे स्वतःची छोटी प्रयोगशाळा चालवते. भाऊजी भेटेल त्याला सांगतात, "कृतघ्न निघाली. सगळं मीच शिकवलं तिला." आणि ऐकणारे मान डोलावतात, हे त्याहून वाईट.